एमआयटीत प्रवेशाची शक्यता किती?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. दहावीला ९६ टक्के, सॅटमध्ये १५४० गुण. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळेल का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : गुण उत्तम आहेत, पण तेवढ्यावरून ‘मिळेल’ असं कुणीच सांगू शकत नाही. अलीकडे तिथे शंभर परदेशी अर्जदारांपैकी साधारण दोघांचीच निवड होते. सॅट किंवा एसीटी २०२२मध्ये पुन्हा सक्तीची झाली; मात्र चांगल्या गुणांनी अर्ज स्पर्धेत टिकतो एवढंच. जेईईसारखी गुणवत्ता यादी तिथे लागत नाही. निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि मुलीनं आवडीपोटी स्वतःहून काय केलं, हे बारकाईनं पाहतात. त्यामुळे प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा तिला एखाद्या विषयात मनापासून रमू द्या.

खर्चाच्या भीतीनं अर्ज टाळू नका. निवड करताना एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचीही आर्थिक ऐपत पाहत नाही आणि निवड झाल्यावर कुटुंबाची गरज ठरवून तेवढी पूर्ण मदत देते.

प्रवेशाची हमी देणाऱ्या सल्लागारांपासून दूर राहा. जेईई आणि इतर विद्यापीठांचे अर्जही सोबत ठेवा. नकार आला, तर तो तिच्या बुद्धीवरचा निकाल नाही, हे तिला आजच सांगा.