धातूलाही संगत पाहावी लागते

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात ट्रॉलरची मासेमारी बंद असते. तेव्हा पुष्कळ ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी होते. अशा वेळी त्यांचा तळ जवळून पाहावा. पंखा पिवळसर, त्याचा दांडा चकचकीत आणि शेजारी करड्या रंगाच्या वड्या दिसतात. एकाच ट्रॉलरला इतके धातू कशासाठी? समुद्रातल्या वस्तूसाठी धातू निवडताना तीन प्रश्न विचारावे लागतात, ते आम्ही येथे सांगत आहोत.

पहिला प्रश्न : काम कोणते? पाण्याखालच्या नळाला साधे पितळ चालत नाही. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा राहतो. आकार तोच दिसतो, पण धक्का बसताच तो तुटतो व पाणी आत शिरते. म्हणून तेथे कांसे वापरतात.

दुसरा प्रश्न : वस्तू घडवायची कशी? पंख्याची पाती वळणदार असल्यामुळे तो साच्यात ओततात. मोठ्या जहाजांसाठी तांबे, ॲल्युमिनियम, निकेल व लोखंड यांचा मिश्रधातू घेतात. त्यात तांबे सुमारे ८० टक्के असते. ओतकामात आत पोकळी राहिली तर तेथून तडा जाऊ शकतो, म्हणून तपासणी महत्त्वाची. दांड्याला मात्र सतत पीळ बसतो. त्यासाठी ठोकून किंवा लाटून घट्ट केलेली सळई घेऊन ती कातावर कातून घेतात.

तिसरा प्रश्न : शेजारी कोण? ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. लाकूड पोखरणारे किडे दूर ठेवणे हा हेतू होता. पुढे १७६३ साली पाहणी केली, तेव्हा तांबे शाबूत होते, पण पुष्कळ खिळे झिजून गेले होते. जेथे पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये कागद राहिला होता, तेथील खिळे चांगले निघाले! दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि भोवती खारे पाणी असले, की त्यांची बॅटरीच तयार होते व अधिक क्रियाशील धातू झिजतो.

याच नियमाचा उपयोग हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली करून घेतला. जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून त्यांनी तांबे वाचवले. ट्रॉलरच्या तळाच्या करड्या वड्या जस्ताच्या असतात, त्या याच कामाच्या. स्वतः झिजून त्या इतरांना वाचवतात. म्हणून त्यांवर रंग लावू नये आणि बऱ्याच झिजल्या की बदलाव्यात.

प्रयोग करून पाहा : एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून ते तीन पेल्यांत ओता. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्ताची पट्टी घट्ट बांधलेला खिळा ठेवा. आठवडाभर रोज पाहून वहीत नोंद करा.

ज्या पालकांची होडी आहे, त्यांनाही आमची विनंती आहे. दुरुस्तीच्या घाईत हाताला लागेल तो बोल्ट बसवू नये. शेजारच्या धातूला तो चालेल का, हे आधी विचारावे. होडीवर माणसे असतात, हे विसरून चालणार नाही.