घड्याळ खेपा मोजते, हंडा नाही

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. त्रेसष्ट वर्षांच्या एक काकू सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सकाळी मैदानावर फेऱ्या मारताना त्यांना चक्कर आली होती. रक्तदाब पाहिला, ईसीजी काढला. दोन्ही ठीक होते. मग काकूंनी मनगट पुढे केले. "डॉक्टर, आम्ही दोघी जोडीनं पाऊण तास चालतो. हिचं घड्याळ २४० कॅलरी दाखवतं आणि माझं जेमतेम ६०. म्हणून आठवडाभर मी झपाझप चालायला लागले, वर जिन्याच्या चार खेपाही वाढवल्या. तरी आकडा हलत नाही. माझं चालणं फुकटच जातंय का हो?"

काकूंचे चालणे फुकट जात नव्हते. रक्तदाबासाठी त्या काही वर्षांपासून मेटोप्रोलॉल घेत होत्या आणि त्या गोळीने त्यांच्या हृदयाचे ठोके आवरून धरले होते. घड्याळाला गोळीची कल्पना नव्हती. ठोके कमी म्हणजे मेहनत कमी, असा हिशेब त्याने मांडला होता.

असे रुग्ण आता दर आठवड्याला भेटतात. कुणी कमी आकड्याने खचलेले असतात, कुणी मोठ्या आकड्यावर विसंबून जेवण वाढवलेले. म्हणून हे यंत्र काय मोजते आणि कशाचा केवळ अंदाज करते, ते आज नीट समजून घेऊ.

कॅलरीचा हिशेब कुठून येतो?

स्नायू काम करतात तेव्हा साखर आणि चरबी जाळायला त्यांना ऑक्सिजन लागतो. शरीराने १ लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च होतात. (आहारात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते.) प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा लावून, ट्रेडमिलवर चालवून हा ऑक्सिजन मोजता येतो. तुमच्या मनगटावर तशी काही सोय नसते. घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडते. रक्त तो शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संदेश थेट पकडतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असे बिनतारी पट्टे खेळाडूंसाठी बाजारात आणले.

ठोक्यांवरून ऑक्सिजनचा अंदाज बांधणे हे विहिरीवरून पाणी आणण्यासारखे आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक खेप. खेपा किती झाल्या हे घड्याळ सांगते. पण हंडा केवढा होता, काठोकाठ भरला होता की अर्धा, आणि ते पाणी शेवटी कुणाच्या घरी गेले, हे त्याला दिसत नाही. तुम्ही भरलेले वय, वजन, उंची आणि स्त्री-पुरुष ही माहिती घेऊन ते 'सरासरी माणसाचा' हंडा धरून चालते.

एका लयीत चालणे, धावणे, सायकल चालवणे यांत हा अंदाज बऱ्यापैकी जमतो, कारण मेहनत वाढली की खेपाही त्याच प्रमाणात वाढतात. गडबड होते ती पुढच्या प्रसंगी:

• गोळ्या. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी खेपा कमी होतात, हृदय प्रत्येक हंडा जास्त भरून ती कसर बरीचशी काढते. घड्याळाला फक्त कमी झालेल्या खेपा दिसतात.

• उन्हाळा. अंग थंड ठेवायला बरेच रक्त त्वचेकडे वळते. घामाने पाणी कमी झाले की हंडाही अर्धाच भरतो. त्यामुळे जानेवारीत ज्या फेरीला ११० ठोके पडत होते, त्याच फेरीला एप्रिलमध्ये १२५ पडू शकतात. चरबी तेवढीच जळते, कॅलरीचा आकडा मात्र फुगतो.

• वजने उचलणे. श्वास रोखून वजन उचलताना ठोके एकदम वाढतात, पण त्या प्रमाणात ऑक्सिजन खर्च होत नाही.

• चहा-कॉफी, ताप, अपुरी झोप, मनावरचा ताण. यांत मेहनतीविना खेपा वाढतात.

• साखर उतरणे. इन्सुलिन किंवा काही मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात घसरली की धडधड होते. घड्याळ तिला जोरदार व्यायाम समजते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी यांकडे लक्ष द्या आणि खिशात साखर ठेवा. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना ही धडधड जाणवणारही नाही, घाम मात्र येतो.

चूक किती होते?

२०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर मनगटी उपकरणांचे ७ प्रकार तपासले. ठोके मोजण्यात ७ पैकी ६ उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, तर सगळ्यात वाईट उपकरणाची ९३ टक्के. त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत, पण हंड्याचा प्रश्न तसाच आहे. म्हणून ठोक्यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवा, कॅलरीला अंदाजच माना.

आता काकूंचाच हिशेब करू. वजन ६० किलो, वेग ताशी साधारण ५ किलोमीटर, वेळ ४५ मिनिटे. स्वस्थ बसले तरी शरीर दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी वापरते, या वेगाने चालताना त्याच्या साडेतीन पट. म्हणजे ६० × ३.५ × पाऊण तास, सुमारे १५७ कॅलरी. सुनेचे वजनही जवळपास तेवढेच होते. तेव्हा सुनेचा २४०चा आकडा फुगलेला, काकूंचा ६०चा आकसलेला आणि दोघींचा खरा खर्च जवळजवळ सारखाच!

या १५७ मधल्या ४५ कॅलरी घरी बसूनही खर्च झाल्याच असत्या. चालण्याची निव्वळ कमाई ११२. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे ही कमाई साडेबारा ग्रॅम तेलाची, जेमतेम मोठा चमचाभर. एवढ्यासाठीच सांगतो, घड्याळातला आकडा ताटात वाढून घेऊ नका. 'आज ४०० जाळल्या, आता दोन वडापाव चालतील' हा हिशेब वजन उतरू देत नाही.

मग हे यंत्र वापरायचे कसे?

१. वय, उंची, वजन खरे भरा. वजन बदलले की आकडाही बदला.

२. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही इतका घट्ट बांधा. छातीचा पट्टा लावण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करा. वेग सारखा बदलणाऱ्या व्यायामात छातीचा पट्टाच जास्त अचूक.

३. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी तीन दिवस ठोके मोजून सरासरी काढा. हे तुमचे विश्रांतीचे ठोके.

४. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. हा कमाल ठोक्यांचा अंदाज, त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक पडू शकतो. उदाहरणार्थ, वय ५० असेल तर १७३. विश्रांतीचे ठोके ७३ असतील तर मधले अंतर १००. त्याच्या ४० ते ५९ टक्के विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवा. म्हणजे ११३ ते १३२ हा मध्यम व्यायामाचा टप्पा.

५. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना किंवा ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांना हे गणित लागू नाही. त्यांनी बोलून पाहावे. चालताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम मेहनत. वाक्य तोडून बोलावे लागले की वेग कमी करा.

६. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मिनिटे मोजा. वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी करा. कंबरही टेपने मोजा. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

७. दुसऱ्याच्या घड्याळाशी तुलना करू नका. स्वतःशी करा: महिन्यातून एकदा तीच वाट, तोच वेग, सकाळची तीच वेळ. थांबताना किती ठोके होते आणि एका मिनिटानंतर किती उरले, हे वहीत लिहा. तेवढ्याच चालीला ठोके कमी पडू लागले आणि थांबल्यावर लवकर उतरू लागले, तर तुमचा हंडा मोठा होतो आहे. हृदय एका खेपेत जास्त रक्त आणू लागले आहे. व्यायामाचे खरे फळ हेच, आणि घड्याळ ते छान दाखवू शकते.

एक कळकळीची सूचना. ठोके वाढावेत म्हणून गोळी मनाने बंद करू नका. बीटा-ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळू शकतो, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. आणि व्यायाम करताना छातीवर दाब आला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, न झेपणारा दम लागला किंवा भोवळ आली, तर आकडा काहीही असो, थांबा, बसा आणि १०८ला फोन करा.

काकूंच्या घड्याळातला कॅलरीचा रकाना आम्ही त्याच दिवशी लपवला. जिन्याच्या खेपा बंद केल्या, चालणे उजाडताच सुरू करायला सांगितले, पाणी वाढवले. आता सासू-सून फेऱ्या मारता मारता घरच्या गोष्टी बोलतात. काकूंचा आवाज तुटू लागला की सून पाऊल हळू टाकते.