तलावातील मासळीच्या उवा व इतर परोपजीवी : त्यांची ओळख, उपाय व प्रतिबंध

गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांत धानाच्या पिकास तलावाचे पाणी जितके अवश्य आहे, तितकीच त्या पाण्यातील मासळी अनेक कुटुंबांच्या निर्वाहास अवश्य आहे. कामठा व त्याच्या भोवतालच्या गावी धान घरी आल्यावर जाळी तलावाकडे निघतात, तेव्हा वर्षभराच्या श्रमाचा हिशेब काही दिवसांत उलगडतो. परंतु जाळ्यात आलेली मासळी कधी कधी अशी असते की तिचे डोके मोठे दिसते, अंग वाळलेले असते, खवल्यांमध्ये तांबडे ठिपके पडलेले असतात व अंगास बुळबुळीत चिकटा फार सुटलेला असतो. असा मासा गिऱ्हाईक उलटून पाहते व पाटीत परत टाकते. या हानीचे कारण पुष्कळ वेळा परोपजीवी प्राणी हे होय. ते दुसऱ्या जीवाच्या अंगावर राहून त्याचे रक्त व रस शोषतात. त्यांची राहणी नीट समजल्यावाचून त्यांवर केलेला खर्च पाण्यातच जातो, म्हणून औषधाच्या आधी राहणीचा विचार करू.

प्रथम आपल्या तलावांविषयी दोन शब्द. या भागातील मालगुजारी तलाव, ज्यांस आता लोक मामा तलाव म्हणतात, त्यांतील बहुतेक कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५० साली झाला, १९५१ साली तो अमलात आला व हे तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचा हक्क गावाचा राहिला आणि मासेमारी पुढे ठेक्याने चालू लागली. सबब एकाच पाण्यावर धानाचा कास्तकार, गुरे पाजणारा, धुणे धुणारी बाई व जाळे टाकणारा ढीवर अशा अनेकांचा अधिकार आहे. माशाच्या रोगावर औषध योजताना ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही.

आता मुख्य शत्रू. रोहू, कतला व मृगळ या माशांस सर्वांत अधिक उपद्रव देणारा परोपजीवी म्हणजे माशाची ऊ. शास्त्रज्ञ तिला आर्ग्युलस म्हणतात. ही खरी ऊ नव्हे. ती झिंगे व खेकडे यांच्या दूरच्या कुळातील आहे, आणि हे कुळ ध्यानात ठेवावे, कारण पुढे औषधाच्या प्रकरणी ते उपयोगी पडेल. ती चपटी, वाटोळी, तांदळाच्या दाण्याएवढी अथवा त्याहून लहान व जवळजवळ पारदर्शक असते. माशाच्या अंगावर ती बसली असता दिसत नाही. म्हणून पांढऱ्या ताटात तलावाचेच पाणी घेऊन त्यात जिवंत मासा ठेवावा व पाहावे. ऊ अंगावर सरकताना किंवा सुटून पाण्यात पोहताना दिसते. तिच्या तोंडाखाली दोन वाटीसारखे चोषक असतात, त्यांनी ती घट्ट चिकटते, आणि सुईसारख्या अवयवाने कातडीस टोचून रक्त शोषते. जखमेवर मग बुरशी व जंतू बसतात. पुष्कळदा मासा उवेने मरत नाही, तर तिने केलेल्या छिद्रातून शिरलेल्या रोगाने मरतो.

उवा झालेला मासा बांबूस, दगडास अंग घासतो, उगाच पाण्याबाहेर उड्या मारतो व खाणे सोडतो. येथे एक भेद सांगणे जरूर आहे. पहाटे तलावातील सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात व ऊन चढल्यावर खाली जातात, तर तो प्राणवायूच्या कमतरतेचा प्रकार होय. त्यास उवेचे औषध देणे म्हणजे भुकेल्यास जुलाब देणे. तसेच हिवाळ्यात मरळ, शिंगी वगैरे माशांच्या अंगास खोल लाल व्रण पडतात, तो रोग निराळा. तो १९८८ साली ईशान्येकडून भारतात शिरला व त्याचे मूळ बुरशीसदृश जीवात आहे. त्यावर भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेने सिफॅक्स नावाचे औषध काढले आहे. त्याचा उवेशी संबंध जोडू नये.

उवेच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्या फार कामाचा आहे. मादी अंडी माशावर घालीत नाही. ती मासा सोडून पोहत जाते व पाण्यातील कठीण वस्तूवर, म्हणजे दगड, बांबू, बुडालेले खुंट, बेशरमाच्या काड्या यांवर, ओळीने अंडी चिकटवते. पाणी उष्ण असता सुमारे दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात. त्यातून निघालेल्या पिल्लास थोड्या दिवसांत मासा सापडला नाही तर ते उपाशी मरते. यावरून बिनखर्चाचा उपाय निघतो. ज्या बोडीत अथवा लहान तलावात उवा दिसल्या असतील, त्यातील खुंट व बेशरम आधी काढून टाकावी, म्हणजे मादीस जागा उरणार नाही. मग जुन्या फळ्या किंवा बांबूच्या चिरफळ्या दोरीस बांधून काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात उभ्या सोडाव्या. मादी नाइलाजाने त्यांवरच अंडी घालते. दर आठ दिवसांनी या फळ्या बाहेर काढून घासाव्या, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्या व पुन्हा सोडाव्या. आठ दिवसांचे पंधरा दिवस होऊ देऊ नयेत. अंडी फळीवरच फुटली तर आपण शत्रूस पाळणाच बांधून दिला असे होईल. हे काम दोन महिने नेमाने केल्यास उवांचे प्रमाण पुष्कळ उतरते. यास पैसा लागत नाही, नेम लागतो.

दुसरा परोपजीवी नांगरकृमी, म्हणजे लर्निया. याची मादी काडीसारखी माशाच्या अंगातून बाहेर लोंबताना दिसते. तिचे डोके मात्र नांगराच्या फाळासारखे मांसात रुतलेले असते व शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या असतात. रुतलेल्या मादीवर मिठाच्या पाण्याचा विशेष परिणाम होत नाही. प्रजननासाठी राखलेले मोठे मासे थोडे असतील तर चिमट्याने तिला मुळापासून हळूच उपटावे व जखमेस परमँगनेटचे पाणी लावावे. हजारो बोटुकलींस हे करणे शक्य नाही. तेथे पाण्यात पोहणाऱ्या तिच्या पिल्लांचाच बंदोबस्त करावा लागतो.

तिसरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. बोटुकलीच्या अंगावर व कल्ल्यांवर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. हा अतिसूक्ष्म एकपेशीय जीव कातडीच्या आत राहून पोसतो, मग सुटून तळाशी जातो, भोवती कोश करतो व त्या कोशातून शेकडो पिल्ले निघतात. कातडीच्या आत असता वा कोशात असता त्यास औषध पोचत नाही. पिल्ले मोकळी पोहत असतात तेवढ्याच वेळी ती मारता येतात. म्हणून एकदाच औषध देऊन स्वस्थ बसणाऱ्यास यश येत नाही. समुद्राच्या माशांसही अगदी असाच पांढरा ठिपका होतो, त्याचा कर्ता निराळा जीव आहे. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तशा ठिकाणी खाऱ्या पाण्याच्या हौदात मासे राखणाऱ्यांस तो फार छळतो. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली आहे. दर तिसऱ्या दिवशी मासे स्वच्छ व कोरड्या करून भरलेल्या दुसऱ्या हौदात हलवितात, असे चार वेळा करतात. कोश फुटण्यापूर्वीच मासा तेथून गेलेला असतो व मागचा हौद वाळविला म्हणजे कोशही मरतो. आपल्याला तलाव बदलता येत नाही. पण बीज राखण्याच्या टाक्या ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांनी ही युक्ती अवश्य ध्यानात ठेवावी.

समुद्राचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक मौज सांगतो. खाऱ्या पाण्यातील माशाच्या अंगावरील चपटे कृमी पाडण्यासाठी त्यास काही मिनिटे गोड्या पाण्यात ठेवतात. कृमी पाणी शोषून फुगतो व गळून पडतो. आपण गोड्या पाण्याच्या माशास मिठाच्या पाण्यात ठेवतो; तेथे मीठ परोपजीवीच्या अंगातील पाणी ओढून घेते. तत्त्व एकच, दिशा उलट. मासा आकाराने मोठा व चिकट्याने झाकलेला असल्यामुळे तो थोडा वेळ हा फेर सोसतो, लहान जीव सोसत नाही. यावरूनच मिठाच्या स्नानाची मुदत थोडी का, हेही कळते. शंभर लिटर पाण्यात दोन किलो साधे जाडे मीठ विरघळवून त्यात बोटुकली दोन ते तीन मिनिटे ठेवावी. पहारा ठेवावा, बोटुकली कलू लागताच, मुदत पुरी झाली नसली तरी, बाहेर काढावी. तलावात सोडण्यापूर्वी प्रत्येक बीजास हे स्नान घालण्यासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही.

आता संपूर्ण तलावास औषध देण्याचा प्रश्न. येथे प्रस्तुत लेखकाच्या जुन्या धंद्याचा विषय येतो. महसुली दप्तरात आयुष्य गेल्याने एवढे निश्चित सांगता येते की, आकारबंदात लिहिलेले तलावाचे क्षेत्र व चैत्रात प्रत्यक्ष उरलेले पाणी यांचा मेळ कधीच बसत नाही. दप्तरातील क्षेत्र तलाव पूर्ण भरला असतानाचे. धानास पाणी सुटले, ऊन तापले, की मधल्या खोलगटात थोडे पाणी उरते. मासे त्यातच दाटीने राहतात व उवांस मासा शोधण्याचे कष्ट पडत नाहीत. म्हणजे रोग बळावतो तो पाणी थोडे असताना, आणि औषधाचे माप मात्र लोक कागदावरून धरतात. आमच्या बाजूच्या एका तलावावर असेच कागदावरून मोजलेले कीटकनाशक ओतले गेले. दुसऱ्या दिवशी उवा तर नव्हत्याच, पण झिंगेही उरले नव्हते आणि मासे पांढरी पोटे वर करून काठास लागले होते.

उदाहरण घ्या. दप्तरात तलाव ४ हेक्टर आहे व पूर्ण भरल्यावर सरासरी खोली २ मीटर धरली आहे. पाणी झाले ८०,००० घनमीटर. चैत्रात प्रत्यक्ष पाणी लांबीस २०० मीटर, रुंदीस ६० मीटर व सरासरी पाऊण मीटर खोल आहे. ते भरते अवघे ९,००० घनमीटर. दर घनमीटरास २ ग्रॅम या प्रमाणात परमँगनेट टाकावयाचे झाले तर खरी गरज १८ किलोची, आणि कागदाचा हिशेब सांगतो १६० किलो. सुमारे नऊपट! म्हणून आधी मोजणी. दोरीस दर पाच मीटरांवर गाठ मारून लांबी-रुंदी घ्यावी. डोंगीतून अथवा पाण्यात उतरून खुणा केलेल्या बांबूने दहा-बारा ठिकाणी खोली पाहावी, सर्वांची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येने भागावे. तिन्ही अंकांचा गुणाकार म्हणजे पाणी. पाण्याचा आकार वाकडा असेल तर त्याचे दोन-तीन चौकोन कल्पून निरनिराळे मोजावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे व चौथी शिकलेला मुलगाही ते करील.

याच हिशेबावरून हेही दिसते की, मोठ्या तलावास औषध देणे बहुधा परवडत नाही. शिवाय गढूळ व गाळाच्या पाण्यात परमँगनेटचा जांभळा रंग लवकर तपकिरी होतो व त्याची शक्ती संपते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी विषे उवेस खरोखर मारतात. पण ऊ ही झिंग्यांच्या कुळातील, म्हणून जे उवेस मारते ते झिंग्यांस व खेकड्यांसही मारणारच. झिंगे पकडून बाजारात नेणाऱ्या बाया त्या तलावाच्या धनी नाहीत काय? त्याच पाण्यावर गुरेही येतात. माझ्या मते अशी विषे गावतलावात मुळीच टाकू नयेत. खाजगी बोडीत टाकावयाचीच झाली तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, नेमक्या मापाने, आणि बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत मासळी न विकण्याच्या अटीवर. मॅलाकाइट ग्रीन नावाचा हिरवा रंग काही दुकानदार पुढे करतात. खाण्याच्या माशांवर त्याचा वापर निषिद्ध आहे, तो घेऊच नये.

बोडी पुरी आटवता येत असेल तर वैशाखाचे ऊन हेच सर्वांत मोठे औषध. तळास भेगा पडेपर्यंत वाळवावी व हेक्टरी २०० ते २५० किलो चुना पसरावा. आटत नसेल तर मोहाची पेंड आपल्या हाताशी आहे. दर घनमीटरास २५० ग्रॅम, म्हणजे ५०० घनमीटरांच्या बोडीस १२५ किलो, या प्रमाणाने ती भिजवून टाकली असता जुने व निरुपयोगी मासे मरतात आणि पेंड पुढे खत होते. ती उवेस किंवा तिच्या अंड्यांस मारते असे मात्र समजू नये. तिचा लाभ निराळा आहे : पेंडीचे विष उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्या काळात बोडीत मासा नसतो, आणि अंड्यांतून निघालेली पिल्ले यजमानावाचून मरतात. घाई करून दहाव्या दिवशीच बीज सोडणाऱ्यास हा लाभ मिळत नाही.

उवा आपल्या तलावात येतात कोठून? आंगुल येथे १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी व अलिकुन्ही यांनी टोचणीने माशांचे प्रजनन साधले. तोपर्यंत रोहू-कतल्याचे बीज मुख्यतः नद्यांतून गोळा होई. त्यानंतर केंद्रांतील बीज दूरदूर जाऊ लागले. ही मोठीच सोय झाली, परंतु बिजाबरोबर त्याचे परोपजीवीही प्रवास करतात. विकत आणलेली बोटुकली एकदम मोठ्या तलावात न सोडता मिठाचे स्नान घालून दोन-तीन आठवडे हाप्यात अथवा निराळ्या बोडीत राखावी व पांढऱ्या ताटात पाच-पंचवीस तपासावी. हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकलींहून अधिक दाटी आपल्या साध्या तलावांत करू नये. दुसरी वाट जाळ्याची. एका तलावातून निघालेले ओले जाळे त्याच दिवशी दुसऱ्यात पडते व उवा गाव बदलतात. जाळी, घमेली व डोंगी ही दोन तलावांच्या मध्ये कडकडीत वाळली पाहिजेत. ज्या सोसायटीकडे अनेक तलावांचा ठेका आहे तिने रोगी तलावाचे जाळे निराळेच ठेवावे.

पौषापासून ज्येष्ठापर्यंत महिन्यातून एकदा फेकजाळ्याने वीस मासे काढून पाहावे व किती माशांवर किती उवा सापडल्या ते वहीत तारीखवार लिहावे. वीसांत एक-दोन माशांवर एखादी ऊ असेल तर फळ्या सोडणे पुरे. निम्म्याहून अधिक माशांवर उवा असतील व पाणी उतरत असेल, तर औषधाची वाट न पाहता विकण्याजोगी मासळी लगेच काढावी. उवेची बाधा माणसास होत नाही, व ताजी मासळी धुऊन शिजवून खाण्यास हरकत नाही. दाटी कमी झाली म्हणजे उरलेले मासे पावसाळ्यापर्यंत तग धरतात.