तंतुवाद्यांचा प्रवास आणि विमा

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर सतार आणि तंबोरा यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथील वाद्ये कुरिअर किंवा मालवाहू गाडीने दूरच्या गावांना पाठवली जातात. या प्रवासात वाद्य फुटले, तर कारागिराचे कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात आणि शिकणाऱ्याने साठवलेला पैसाही बुडतो. म्हणून प्रवासाच्या विम्याची माहिती दोघांनाही असणे आवश्यक आहे.

वाहतूकदाराची जबाबदारी

पार्सल स्वीकारणारा वाहतूकदार संपूर्ण नुकसान भरून देईल, असा अनेकांचा समज असतो. कायदा मात्र वेगळा आहे. रस्ते वाहतुकीसंबंधीचा २००७ चा कायदा कुरिअर संस्थांनाही लागू होतो. त्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते.

समजा, ४०,००० रुपयांची सतार १,५०० रुपये भाडे देऊन पाठवली. ती पूर्णपणे निकामी झाली, तर वाहतूकदाराकडून जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळू शकतात. उरलेले २५,००० रुपये मालकाचे नुकसान ठरते.

हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे मालाची खरी किंमत नोंदवून वाहतूकदाराला अधिक जोखमीचा वाढीव दर देणे. दुसरा मार्ग म्हणजे विमा कंपनीकडून प्रवासाचा विमा घेणे. पावतीवर केवळ किंमत लिहिल्याने विमा उतरवला जात नाही. विम्याचा हप्ता भरल्याचा पुरावा आणि विमापत्र हाती असले पाहिजे.

विमा घेताना

विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे. वाद्याची किंमत, वय आणि आधीची दुरुस्ती यांची माहिती खरी द्यावी. हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी सांगितली, तर भरपाईही कमी मिळते. किंमत वाढवून सांगितल्यानेही लाभ होत नाही, कारण विम्याचा हेतू झालेले नुकसान भरून काढणे हा आहे. नफा मिळवून देणे हा नाही.

विमापत्रातील अपवाद बारकाईने वाचावेत. अपुरे वेष्टन, नेहमीची झीज, वस्तूतील मूळचा दोष आणि पोहोचण्यास झालेला विलंब यांमुळे झालेले नुकसान सहसा भरून मिळत नाही.

वेष्टनाचे महत्त्व

सतारीचा भोपळा वाळवलेला आणि पोकळ असतो. एका धक्क्यानेही त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून तारा सैल कराव्यात आणि भोपळ्याभोवती मऊ आवरण गुंडाळावे. वाद्य पेटीत हलणार नाही, अशा रीतीने रिकाम्या जागा भराव्यात. वेष्टनापूर्वी आणि वेष्टन करताना छायाचित्रे काढावीत. वाद्य सुस्थितीत होते आणि वेष्टन पुरेसे होते, हे सिद्ध करण्यास ती उपयोगी पडतात.

नुकसान झाल्यास

पार्सल घेताना पेटी दबलेली किंवा फाटलेली दिसल्यास पोचपावतीवर तशी स्पष्ट नोंद करावी आणि मगच सही करावी. विमा कंपनीला विनाविलंब कळवावे. तिचा सर्वेक्षक पाहणी करीपर्यंत वाद्य दुरुस्त करू नये, वेष्टनही टाकून देऊ नये. वाहतूकदाराविरुद्ध दावा करावयाचा असल्यास पार्सल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी सूचना देणे कायद्याने आवश्यक आहे. विमा कंपनीने दावा अन्यायाने नाकारल्यास विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग यांच्याकडे दाद मागता येते.

पैशाने वाद्याचा हरवलेला नाद परत येत नाही. परंतु कारागिराला पुन्हा लाकूड विकत घेता येते आणि विद्यार्थ्याचे शिक्षण थांबत नाही. विम्याचे मोल त्यातच आहे.

स्वाध्याय

१. वाहतूकदाराची जबाबदारी आणि विमा यांतील फरक स्पष्ट करा.
२. ३०,००० रुपयांचा तंबोरा १,२०० रुपये भाड्याने, वाढीव दर न देता पाठवला. तो पूर्णपणे फुटल्यास वाहतूकदाराकडून जास्तीत जास्त किती रक्कम मिळू शकेल?
३. पार्सलमधील वाद्य फुटल्याचे कळवणारे पत्र विमा कंपनीला लिहा.