लॅनची वायर काढा, विजेची नको

रुग्णालयातल्या बायोमेडिकल विभागाचं रजिस्टर उघडलं की प्रत्येक यंत्राची कुंडली सापडते. खरेदीची तारीख, सिरियल नंबर, शेवटचं कॅलिब्रेशन, बॅटरी कधी बदलली, एएमसी कधी संपतेय. सापडत नाही ते एवढंच, की हे यंत्र कुठल्या नेटवर्कला जोडलंय आणि त्याच्या पोटात कुठलं विंडोज आहे. आयटीच्या यादीत बघावं, तर तिथे रिसेप्शनचे, बिलिंगचे, फार्मसीचे संगणक असतात. सीटी स्कॅनचा कन्सोल नसतो. ते म्हणतात, "ते तुमचं मशीन." आम्ही म्हणतो, "तो तुमचा कॉम्प्युटर." जिल्ह्याच्या गावांतल्या खासगी रुग्णालयांत बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून नोकरी करताना पाहिलेले बहुतेक गोंधळ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून आत आले.

अशाच एका रुग्णालयात संध्याकाळपासून सीटीच्या प्रतिमा पॅक्सवर, म्हणजे त्या साठवणाऱ्या सर्व्हरवर, जायला वेळ लागत होता. टेक्निशियनने दोनदा रिस्टार्ट केलं. मध्यरात्रीच्या सुमारास कन्सोलच्या पडद्यावर खंडणीची नोटीस आली. बाहेर स्ट्रेचरवर अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस होता. गावातल्या दुसऱ्या सीटी सेंटरला फोन करून त्याला अँब्युलन्सने तिकडे नेलं. ते सेंटर रात्री उघडं होतं म्हणून निभावलं.

त्याहून मोठा अनर्थ वरच्या मजल्यावर व्हायचा राहिला. "व्हायरस पसरतोय, सगळं बंद करा" असा निरोप आला आणि एक वॉर्डबॉय आयसीयूतले स्विच बंद करायला निघाला. इनचार्ज सिस्टरनी त्याला दारातच अडवलं. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप ही यंत्रं नेटवर्कशिवाय आपलं काम करत राहतात. विजेशिवाय मात्र बॅटरी टिकेल तेवढाच वेळ. आम्ही स्विच-रॅकमधल्या लॅनच्या वायरी तेवढ्या उपसल्या. नर्सिंग स्टेशनवरचा मोठा पडदा काळा झाला, मग सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून आकडे लिहू लागल्या. हे प्रत्येक आयसीयूत आधीच ठरलेलं हवं. कुठली वायर कुठल्या यंत्राची, त्यावर चिकटपट्टी लावून मराठीत नाव लिहिलेलं हवं. त्या रात्री आम्ही टॉर्च घेऊन वायरी ओळखत बसलो होतो.

आमच्या रुग्णालयावर कुणाचा खास डोळा नव्हता. मशीन बसवताना आलेल्या माणसाने दूरस्थ दुरुस्तीसाठी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपची वाट उघडली होती. पासवर्ड ओळखायला सोपा, आणि तोच सगळ्या यंत्रांना. इंटरनेटवर अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. त्यांना ते दार रुग्णालयाचं की टायरच्या दुकानाचं, हेही ठाऊक नसतं.

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला धरलं, तेव्हाही नेम तिच्यावर नव्हता. विंडोजच्या ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तरी तिथली रुग्णालयं चालवणाऱ्या 236 पैकी किमान 81 ट्रस्टची कामं विस्कळीत झाली आणि एमआरआय स्कॅनरसारखी यंत्रंही अडकली. आपल्याकडे 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे नोंदी हाताने लिहाव्या लागल्या.

"मग अपडेट का करत नाही?" असं संचालक विचारतात. यंत्र दहा-पंधरा वर्षं वापरायचं असतं आणि विंडोज 7चा आधार 14 जानेवारी 2020लाच संपला. सीटीच्या कन्सोलवर कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अँटिव्हायरस टाकता येत नाही आणि टाकूही नये. स्कॅन चालू असताना त्याने एखादी फाइल अडवली तर पेशंटला पुन्हा रेडिएशन. म्हणून जुनं यंत्र बदलता येत नसेल तर त्याला वेगळं ठेवा. एक्स-रे, सीटी, मॉनिटर यांचं नेटवर्क बिलिंगपासून आणि नातेवाइकांच्या वाय-फायपासून तोडा. सीटीने फक्त पॅक्सशी बोलावं, यूट्यूबशी नव्हे. (हसू नका, रात्रपाळीत कन्सोलवर क्रिकेट लावलेलं मी पाहिलंय.) बाहेरून येणारी दुरुस्तीची वाट फोन आला की उघडायची, काम झालं की बंद करायची आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. नातेवाईक जुन्या तपासण्यांच्या सीडी आणि पेनड्राइव्ह आणतात, त्यासाठी नेटवर्कला न जोडलेला एक जुना संगणक बाजूला ठेवला तरी पुष्कळ झालं. बॅकअप असा हवा, की तो घेऊन झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवता येईल.

सोनोग्राफीचं मशीन गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे नोंदणीशिवाय जागचं हलवता येत नाही, फॉर्म एफमधली एक चूकही महागात पडते. त्याच मशीनला इंटरनेटवरून कोण भेटून जातं, हे मात्र तपासणीला आलेल्या कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

पेसमेकर हॅक होईल का, असं पेशंट विचारतात. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये त्यांच्या हृदयाच्या उपकरणाची वायरलेस सोय बंद करून घेतली होती. उपाध्यक्षांचं ठीक आहे. आपल्या पेशंटला खरा धोका साध्या गोष्टींचा आहे: यंत्र बंद, रिपोर्ट गायब, जुन्या औषधांची यादी उघडत नाही. दुसरा धोका गुपचूप चालणाऱ्या चोरीचा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने कॉन्टेक सीएमएस8000 या मॉनिटरबद्दल इशारा दिला. इंटरनेटला जोडला की तो पेशंटची माहिती बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवत होता, आणि त्यात शिरायला मागचं दारही होतं. सल्ला काय होता? इथरनेटची वायर काढा, वायरलेस बंद करा आणि मॉनिटर खाटेपाशीच वापरा.

घटना घडलीच तर लपवू नका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या आदेशानुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. "नाव खराब होईल" म्हणून गप्प बसण्यात ते सहा तास सहज जातात. कोण कळवणार, त्याचं नाव आणि नंबर कागदावर भिंतीला लावा. संगणकातली यादी त्या वेळी उघडणार नाही. आयसीयूत छापील डोस-चार्ट आणि कोरे नोंदीचे कागद ठेवा. वर्षातून एकदा दुपारच्या वेळी तासभर नेटवर्क खरोखर बंद करून बघा. काय काय अडतं ते कुठल्याही सल्लागारापेक्षा त्या एका तासात जास्त कळेल.

आणि नवीन यंत्र घेताना खरेदीच्या ऑर्डरमध्येच चार ओळी घाला: आत कुठली कुठली सॉफ्टवेअर आहेत त्यांची यादी, सुरक्षेच्या अपडेट किती वर्षं मिळणार, प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड आणि रिमोटची वाट आमच्या परवानगीने. अमेरिकेत 2023 पासून सॉफ्टवेअरची अशी यादी दिल्याशिवाय नव्या जोडणीयोग्य उपकरणाला मंजुरी मिळत नाही. म्हणजे तिथे विकणाऱ्या कंपन्यांकडे ती तयार आहे. इथे मागा. चेक देण्याआधी मागितलं तर विक्रेता मान्य करतो. इन्स्टॉलेशन झाल्यावर मागितलं तर त्याचं वेगळं कोटेशन येतं.