दुर्मिळ मोटारीची राखण

१९९८च्या सुमारास सॅन कंपनीने ‘स्टॉर्म’ ही दोन आसनांची उघडी मोटार काढली. ती गोव्यात तयार होई. फायबरग्लासचे अंग, रेनॉचे १,१४९ सीसीचे इंजिन आणि कापडी छत असा तिचा थाट. थोड्याच गाड्या निघाल्या. आज तिचे सुटे भाग मिळविणेही दुष्कर. मोरजीसारख्या किनाऱ्यावरील गावी एखाद्या सभासदाच्या अंगणात ती असेल, तर तिची राखण दागिन्याइतकीच जपून करावयास हवी.

कापडी छत सुरीने फाटते. म्हणून दाराच्या कुलपाचा भरवसा व्यर्थ होय. इंधनपंपाच्या तारेत गुप्त खटका बसविल्यास इंजिन चालत नाही. तथापि गाडी हलकी. चार माणसे ती ढकलून ट्रकवर चढवतील, आणि पत्रादेवीची सीमा काही दूर नाही. तेव्हा चाकाला साखळी घालून ती काँक्रीटमध्ये रोवलेल्या कड्यास जखडणे, हेच खरे. खाऱ्या हवेने कुलपे गंजतात, त्यांना तेल द्यावे. जीपीएस यंत्र स्वतंत्र बॅटरीचे असावे.

विम्याकडे मात्र आपले फार दुर्लक्ष. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कोष्टकाने नव्हे, उभयपक्षी ठरते. सही करण्यापूर्वी जाणकाराकडून मूल्यांकन करून घ्यावे. गोणीगोणीचा हिशेब ठेवणारे आपण. चॅसी क्रमांक किती जणांच्या वहीत असतो? चोरीची वर्दी तत्काळ पोलिसांत व विमा कंपनीस द्यावी लागते. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते; एक हरवली असल्यास ते आजच लेखी कळवून ठेवावे.