शाहिराला काय विचाराल?

कविता करणाऱ्याला तुम्ही उर्दूत 'शायर' म्हणता. मराठीतील 'शाहीर' हा शब्द त्याच शब्दापासून आला आहे. शायर मुशायऱ्यात आपला कलाम ऐकवतो. शाहीर लावणी रचतो, डफाच्या तालावर पोवाडा गातो. पेशवाईतील प्रसिद्ध शाहीर सगनभाऊ हे मुसलमान होते.

आपल्या काळातही असे एक शाहीर होऊन गेले. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात कवठे येमाई नावाचे गाव आहे. बशीर कमरुद्दीन मोमीन हे त्या गावचे. त्यांचा जन्म १९४७ साली झाला. लोक त्यांना 'मोमीन कवठेकर' म्हणत. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी गण, गवळणी, लावण्या आणि वग लिहिले. हुंडा, व्यसन, निरक्षरता यांविरुद्धही त्यांनी गीते रचली. महाराष्ट्र शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला.

अशा कलावंताची मुलाखत घ्यायची असेल, तर काय विचाराल? "पुरस्कार मिळाल्यावर कसे वाटले?" असे विचारले, तर "आनंद झाला" एवढेच उत्तर मिळेल. बोलणे तिथेच संपेल. म्हणून आधी त्यांचे काम समजून घ्या.

तमाशात प्रथम गण होतो. त्यात गणपतीला वंदन असते. मग गवळण येते. तिच्यात कृष्ण आणि गवळणी यांचे बोलणे असते. शेवटी वग होतो. वग म्हणजे गाण्यांनी भरलेले नाटक. ऐकणाऱ्यांच्या हातात पुस्तक नसते. ओळ कानावर पडताच समजली पाहिजे. ती गाणाऱ्याच्या गळ्याला आणि ढोलकीच्या तालालाही जुळली पाहिजे.

हे कळले की खरे प्रश्न सुचतात. आधी चाल सुचते की शब्द? हे गाणे कोणाच्या आवाजासाठी लिहिले? लहानपणी तुमच्या कानावर कोणती गाणी पडली? कोणाचे ऐकून लिहावेसे वाटले? लोकांना न आवडलेली ओळ तुम्ही बदलली का?

मोमीन कवठेकर २०२१ साली वारले. त्यांना हे प्रश्न आता विचारता येणार नाहीत. गाणे लोकांच्या तोंडी राहते. पण ते लिहिणाऱ्याचे नाव पुष्कळदा मागे पडते. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात एखादे वृद्ध शायर, कव्वाल किंवा ढोलकीवादक असतील. वही घेऊन त्यांच्याकडे जा. सलाम करा, जवळ बसा, एक प्रश्न विचारा आणि शांतपणे ऐका. ते बोलतील तसेच लिहून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

शब्दार्थ
फड – तमाशा करणाऱ्या कलावंतांचा संच
वंदन – नमस्कार
चाल – गाण्याची तर्ज

स्वाध्याय
१. तमाशातील गीताची ओळ ऐकताच का समजली पाहिजे?
२. तुमच्या परिसरातील एका कलावंतासाठी पाच प्रश्न तयार करा.